प्रवासाचा उद्देश काय लिहू?

गेल्या अंकात मी परदेशी जाऊन एकट्याने, किंवा दोघा-तिघांच्या बळावर, माहितीपट करण्याविषयी लिहिले होते. त्यावर मुंबई आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतली काही येथे संक्षेपाने घेतली आहेत. बहुतेकांनी नाव न छापण्याची विनंती केल्यामुळे सर्वांचीच नावे वगळली आहेत.

प्रश्न : ताई, मी सत्तावीस वर्षांचा आहे. जाहिरातपटांच्या संकलनाचे काम करून थोडे पैसे साठवले आहेत आणि त्यांतून मला मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांवर माहितीपट करायचा आहे. भारतीय पर्यटकांना तेथे आगाऊ व्हिसा लागत नाही, तेव्हा पर्यटक म्हणून जा, लहान कॅमेरा ने आणि गाजावाजा न करता चित्रीकरण करून ये, असे सगळे मित्र सांगतात. परवानगीच्या मागे लागलो तर वर्ष निघून जाईल अशी भीती वाटते. काय करू? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचे मित्र जे सांगतात ते अनेकांनी केलेले आहे आणि पुष्कळदा ते निभावूनही गेले आहे. एकदा मीही तेच केले होते. देशाचे नाव सांगत नाही, कारण दोष त्या देशाचा नव्हता. एका लहानशा मासेमारी बंदरावर मी पर्यटक म्हणून गेले. आमची गाडी चालवणारा आणि अडल्यानडल्याला भाषांतर करून देणारा तिथलाच एक माणूस सोबत होता. तिसऱ्या दिवशी धक्क्यावर पोलिसांनी चित्रीकरणाचा कागद मागितला आणि तो माझ्याकडे नव्हता. माझा पासपोर्ट पाहून, चार प्रश्न विचारून त्यांनी मला दोन तासांत सोडले. त्याला मात्र रात्रीपर्यंत बसवून ठेवले आणि त्याची गाडी आठ दिवस अडकवली. त्याची बायको प्लास्टिकच्या पिशवीत भाताचा डबा घेऊन चौकीच्या फाटकाशी उभी होती आणि तिला आत जाऊ देत नव्हते. मी दोन दिवसांनी विमानात बसले. तो त्याच गावात राहिला. ती फिल्म मी केली नाही. तेव्हापासून परवानगीचा विचार करताना मी स्वतःला एवढेच विचारते की हा कागद नसला तर त्याची किंमत कोण मोजणार आहे. आपण नव्हे. ज्याने आपल्याला दार उघडले, तो.

आता तुमच्या कामाविषयी. देशात प्रवेश करण्याची मुभा आणि त्या देशात चित्रीकरण करण्याची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सहज मिळते म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. आपल्या शेजारच्या नेपाळचेच पाहा. तेथे जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण परदेशी माहितीपटाच्या चित्रीकरणासाठी त्यांच्या सूचना व प्रसारण विभागाची परवानगी घ्यावी लागते आणि राष्ट्रीय उद्यानात कॅमेरा न्यायचा असेल तर त्यासाठी आणखी वेगळी. उलट ब्रिटनचा साधा अभ्यागत व्हिसा बाहेरच्या देशात निर्मिती आणि अर्थपुरवठा झालेल्या चित्रपटाच्या कलाकार-तंत्रज्ञांना ठरावीक अटींवर तेथे चित्रीकरण करू देतो. अमेरिकेत माहितीप्रधान चित्रणासाठी प्रसारमाध्यमांचा आय व्हिसा आहे आणि स्वतंत्र निर्मात्याकडे पत्रकारितेच्या व्यावसायिक संघटनेचे ओळखपत्र असणे तेथे महत्त्वाचे ठरते. म्हणजे एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशाला लावून चालत नाही. ‘अमुक गेला होता, त्याला कोणी अडवले नाही’ हे तर मुळीच प्रमाण मानू नये.

मॉरिशससाठी मॉरिशस फिल्म डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेपासून सुरुवात करा. त्यांना पाठवायचे पत्र एका पानाचे असावे आणि त्यात फिल्म कशाविषयी आहे, कोण येणार, कोणत्या तारखांना, कोणत्या गावी, सोबत काय साहित्य आहे आणि तेथे तुमची जबाबदारी घेणारी ओळखीची व्यक्ती कोण, एवढे स्पष्ट लिहिलेले असावे. त्याच पत्रात सरळ विचारा की या कामासाठी पर्यटक म्हणून प्रवेश केलेला चालेल का. उत्तर आले की ते छापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. उत्तर आले नाही तर नवी दिल्लीतील मॉरिशसच्या उच्चायुक्तालयाला तोच प्रश्न लेखी विचारा. विमानतळावर ‘प्रवासाचा उद्देश’ विचारतात तेव्हा जे खरे आहे तेच सांगता आले पाहिजे, आणि हातात कागद असला की खरे सांगायला धीर लागत नाही. वर्ष जाईल ही तुमची भीती मला पटत नाही. वेळ परवानगीला लागतो त्याहून अधिक आपण पत्र लिहायला लावतो.

तो वेळ वाया जातो असेही समजू नका, कारण या फिल्मसाठी मुंबईत बसून करण्यासारखे खूप आहे. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली माणसे होती. ते ज्या ठिकाणी उतरत तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि मजुरांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या संग्रहात जपल्या आहेत. त्यांत माणसांची छायाचित्रेही आहेत. आपल्याकडची आडनावे घेऊन तुम्ही तेथे शोधायला लागलात तर मात्र हाती फारसे लागणार नाही, कारण अनेक घराण्यांत पहिल्या मजुराचे नुसते नावच पुढे कुटुंबाचे आडनाव होऊन बसले. म्हणून त्या घरातल्याच कोणाला तरी सोबत घेऊन संग्रहात जा. पणजोबांचे कागद पाहण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे, आणि ते कागद उघडताना त्यांचा चेहरा हाच तुमच्या फिल्मचा प्रसंग असेल.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात कोठेच आली नाही, म्हणून सांगते. मराठी कुटुंबांकडे चाललो आहे, तेव्हा भाषेची अडचण नाही असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. तेथे मराठी शाळेत शिकवली जाते, आरत्या-भजनांत ती आहे, गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. पण घरात, स्वयंपाक करताना, भांडताना, मुलांना हाक मारताना बहुतेकांच्या तोंडी क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, असते. तुम्ही केवळ मराठीत प्रश्न विचारलेत तर ती माणसे तुमच्याशी पाहुण्याशी बोलावे तसे जपून, शाळेतल्या मराठीत बोलतील. क्रिओल जाणणारा सहकारी तेथलाच शोधा आणि अंदाजपत्रकात त्याच्यासाठी पैसे ठेवा.

प्रश्न : मी छायाचित्रणकार आहे. एका मैत्रिणीच्या माहितीपटासाठी श्रीलंका आणि दक्षिण आफ्रिका अशा दोन देशांत जायचे आहे. माझा स्वतःचा कॅमेरा, चार लेन्स, ध्वनिमुद्रणाचे साहित्य आणि बॅटऱ्या असा संच सोबत असेल. ‘कार्नेट’ काढा असे एक जण सांगतो, तर दुसरा म्हणतो की त्याची गरज नाही. — एक वाचक, गिरगाव

उत्तर : दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. ‘एटीए कार्नेट’ म्हणजे तात्पुरत्या नेलेल्या मालाचा पासपोर्ट. तो असला की परक्या देशाच्या सीमाशुल्क खात्याकडे साहित्यावरचे शुल्क किंवा अनामत भरावी लागत नाही, कारण माल परत जाईल याची हमी आधीच दिलेली असते. भारतात तो फिक्की ही संस्था देते, त्यासाठी तारण ठेवावे लागते आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. तुम्ही सांगितलेले दोन्ही देश तो मान्य करतात. दोन देश, तिसऱ्याचे म्हणजे मैत्रिणीचे काम आणि इतके मोलाचे साहित्य, हे पाहता तुम्ही तो काढावा असे माझे मत आहे. एक कॅमेरा आणि दोन लेन्स पाठपिशवीत टाकून जाणाऱ्याला मी तसे सांगितले नसते.

कार्नेट हाती आला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. त्यात पिवळी आणि पांढरी पाने असतात. भारतातून निघताना आणि भारतात परतताना पिवळ्या पानांवर, तर त्या देशात शिरताना आणि तेथून निघताना पांढऱ्या पानांवर शिक्का घ्यायचा असतो. सगळ्यांत जास्त विसर पडतो तो तिसऱ्या शिक्क्याचा, म्हणजे परका देश सोडतानाच्या. चित्रीकरण संपलेले असते, रात्रीचे विमान असते, बॅगा देऊन झालेल्या असतात आणि सीमाशुल्काची खिडकी इमारतीच्या दुसऱ्या टोकाला असते. तो शिक्का नसला तर त्या देशाच्या लेखी तुमचा कॅमेरा तेथेच विकला गेला आहे, आणि शुल्काची मागणी काही महिन्यांनी घरी येते. म्हणून परतीच्या दिवशी विमानतळावर नेहमीपेक्षा दोन तास आधी पोहोचा आणि शिक्का मिळेपर्यंत कोणतीही बॅग हातावेगळी करू नका.

कार्नेट काढणार नसाल, तर निघताना आपल्याच विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. आपण नेलेलीच वस्तू परत आणत आहोत, तेथे विकत घेतलेली नाही, एवढे सिद्ध करण्यासाठी ते असते आणि त्यासाठी वस्तू व तिचा अनुक्रमांक दोन्ही दाखवावे लागतात. एकदा मी यादी करताना कॅमेऱ्यावर चढवलेली लेन्सच लिहायला विसरले. बॅगेतल्या सगळ्या लेन्स मोजल्या आणि रोज डोळ्याला लावत होते तीच राहिली. परतताना तिचे बिल घरून मागवून दाखवेपर्यंत पहाट झाली. चूक पूर्णपणे माझी होती. आता मी यादी करताना प्रत्येक वस्तू चादरीवर सुटी मांडते, अनुक्रमांक दिसेल असे तिचे छायाचित्र काढते आणि मगच ती बॅगेत जाते.

बॅटऱ्यांचा नियम विमानसुरक्षेचा असल्याने त्यात सवलत मागू नये. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यायच्या, खाली द्यायच्या बॅगेत कधीच नाही. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी नेता येते. १०० ते १६० वॅट-तासांच्या जास्तीत जास्त दोन सुट्या बॅटऱ्या विमानकंपनीच्या आगाऊ संमतीने नेता येतात. त्यापुढची प्रवासी विमानात नेता येत नाही. बॅटरीवर वॅट-तास लिहिलेले नसतील तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करा. १४.४ व्होल्ट आणि ६.८ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ९८ वॅट-तासांची होते, म्हणजे ती चालते. टोकांवर चिकटपट्टी लावा. ड्रोनचे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते, की तो घरीच ठेवा. २०२२च्या फेब्रुवारीपासून, संशोधनासारखे काही अपवाद सोडता, परदेशी बनावटीचे ड्रोन भारतात आयात करण्यास बंदी आहे. तेव्हा नेताना त्या देशाची परवानगी आणि आणताना आपल्या सीमाशुल्काची समजूत अशा दोन्ही आघाड्यांवर तुम्ही अडाल.

प्रश्न : परदेशात चित्रीकरण करताना स्थानिक ‘फिक्सर’ घ्यावाच लागतो का? त्याचे मानधन कसे ठरवावे? आणि भाषा कळत नसताना मुलाखत खरी कशी घ्यावी? — एक वाचक, वसई

उत्तर : तुमचे तीन प्रश्न मला एकच वाटतात. ज्या माणसाच्या जिभेवर आपली फिल्म उभी राहणार आहे, त्याला आपण काय मानतो, हा तो प्रश्न. आपल्या व्यवसायात ‘फिक्सर’ हा शब्द रुळला आहे, पण मला तो आवडत नाही. गाडी, हॉटेल आणि परवानग्या पाहणारा माणूस वेगळा आणि लोकांच्या घरात आपल्याला घेऊन जाणारा वेगळा. पैसे थोडे असले की दोन्ही कामे एकच जण करतो, आणि तेव्हा दुसऱ्या कामाची किंमत पहिल्या कामाच्या दराने होते. तसे होऊ देऊ नका. दिवसाचा दर, किती तासांचा दिवस, जेवण, गाडी, इंधन, काम रद्द झाले तर काय आणि पैसे कधी मिळणार, हे सर्व एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. मी आठवड्याचे पैसे आठवड्याला देते, कारण फिल्म पूर्ण होईपर्यंत थांबणे आपल्याला परवडते, त्याला नाही.

मुलाखतीविषयी एक अनुभव सांगते. एका किनाऱ्यावरच्या गावी एका वृद्ध बाईंना मी विचारले की तुमचे यजमान समुद्रावरून परतले नाहीत तेव्हा काय झाले. त्या जवळजवळ चार मिनिटे बोलल्या. दुभाषाने मला सांगितले, ‘त्यांना फार दुःख झाले असे त्या म्हणतात.’ मी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. मुंबईत आल्यावर पूर्ण भाषांतर करून घेतले तेव्हा कळले की बाईंनी दुःख हा शब्द उच्चारलाच नव्हता. त्या अकरा दिवस संध्याकाळी दोघांचा भात शिजवत राहिल्या होत्या आणि बाराव्या दिवशी तांदूळ मोजताना हात थांबला, हे त्या सांगत होत्या. दुभाषाने लबाडी केली नव्हती. मला उत्तराची घाई आहे असे त्याला वाटले, आणि ते खरेच होते. त्यानंतर मी मुलाखत चालू असताना भाषांतर मागणे बंद केले. प्रश्नांचा रोख आदल्या दिवशी सहकाऱ्याबरोबर बसून ठरवते, बोलणे त्याच्या हाती सोपवते आणि रात्री दोघे मिळून त्या दिवसाचे चित्रण वेळेच्या आकड्यांसह शब्दशः उतरवून काढतो. दमलेल्या शरीराला हे नकोसे होते, पण दुसऱ्या दिवशीचा प्रश्न त्यातूनच सापडतो.

संमतिपत्र त्या माणसाच्या भाषेत असावे, मोठ्याने वाचून दाखवावे आणि वाचतानाचे चित्रणही ठेवावे. इंग्रजी कागदावर उठवलेला अंगठा न्यायालयात चालेल की नाही हा भाग निराळा, मला तो चालत नाही. सहकाऱ्याचे नाव श्रेयनामावलीत द्यायचे की नाही, हे त्याला दोनदा विचारा, एकदा काम संपल्यावर आणि एकदा फिल्म प्रदर्शित होण्यापूर्वी. मधल्या काळात तेथली परिस्थिती बदललेली असू शकते.

प्रश्न : माझी चोवीस वर्षांची मुलगी एका माहितीपटासाठी दोन महिने एकटी परदेशात राहणार आहे. तिला अडवण्याची आमची इच्छा नाही, पण रात्री झोप लागत नाही. आई-वडील म्हणून आम्ही काय करू शकतो? — एक आई, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपण तिला अडवत नाही आहात, यातच आपण खूप काही केले आहे. माझी आईही मी परतेपर्यंत देवघरातला दिवा मालवू देत नसे, हे मला फार उशिरा कळले.

तिच्याकडून एक कागद मागून घ्या. राहण्याचे पत्ते, स्थानिक सहकाऱ्याचा आणि घरमालकाचा दूरध्वनी, तेथील भारतीय दूतावासाचा तातडीचा क्रमांक, विम्याचा क्रमांक आणि पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती इतके त्यात असावे. रोज ठरलेल्या वेळी तिने एक निरोप पाठवावा, आणि तो आला नाही तर किती तासांनी कोणाला फोन करायचा हे तिने स्वतः लिहून द्यावे. ही मुदत तिने ठरवणे महत्त्वाचे आहे. एरवी डोंगरात नेटवर्क नसते आणि इकडे घरात हलकल्लोळ होतो. दूतावासाकडे दाद मागायची वेळ आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. रोख परकीय चलन बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंत नेता येते, पण इतकी रोकड तिने जवळ बाळगू नये. दोन वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डे दोन वेगवेगळ्या खिशांत असणे अधिक सुरक्षित.

आणखी एक काम आपणच करू शकाल. १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावे दादा, यांनी इंग्लंडहून मागवलेल्या कॅमेऱ्याने हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली, तेव्हा ती फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली होती. एकुलती एक रीळ बोटीने जाऊन परत येईपर्यंत त्यांचा जीव कसा टांगणीला लागला असेल, याची कल्पना मला प्रत्येक प्रवासात येते. आपल्या मुलीने चित्रणाच्या तीन प्रती ठेवाव्यात. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, वेगळ्या बॅगांत, आणि तिसरी तेथून जवळ नसलेल्या ठिकाणी. कोणी विश्वासू माणूस मुंबईला येत असेल तर तिसरी डिस्क त्याच्या हाती आपल्या घरी येऊ द्या. ती कोरड्या जागी, कपाटात, तारीख लिहून ठेवा. घरात आपली एक जबाबदारी आहे हे कळले की झोपही थोडी बरी लागते, असे माझ्या आईने मला सांगितले होते.

प्रश्न : माझ्या पहिल्या माहितीपटाची नोव्हेंबरमधल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या महोत्सवासाठी निवड झाली आहे. मी नोकरी करत नाही, पगाराची पावती नाही. शेंगेन व्हिसा मिळेल का? — एक वाचक, परळ

उत्तर : प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. १९८८ पासून चालत आलेला हा महोत्सव माहितीपटांच्या जगातला अत्यंत मानाचा आहे. पगाराची पावती नसणे हा नकार नव्हे. पण तुमचा उदरनिर्वाह कशावर चालतो आणि तुम्ही परत का येणार, हे इतर कागदांनी सांगावे लागेल. गेल्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, सहा महिन्यांचे बँकेचे पासबुक किंवा विवरण, झालेल्या कामांची करारपत्रे आणि डिसेंबरनंतरच्या एखाद्या कामाचे पत्र जोडा. महोत्सवाकडून आलेल्या निमंत्रणात प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च कोण करणार ते स्पष्ट लिहून मागा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत करावा लागतो. निर्णयाला एरवी पंधरा दिवस, क्वचित पंचेचाळीसही लागतात. म्हणून दिवाळीची वाट न पाहता भेटीची वेळ आजच घ्या.

प्रश्न : परदेशी संस्थेचे अनुदान मिळाले तर ते थेट माझ्या खात्यात घेता येते का? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : करारावर सही करण्यापूर्वी तो सनदी लेखापालाला दाखवा. सही झाल्यावर दाखवून उपयोग नाही. परदेशातून आलेला कामाचा मोबदला, शिष्यवृत्ती आणि अनुदान यांत परदेशी देणग्यांचे नियमन करणारा २०१०चा एफसीआरए कायदा फरक करतो, आणि एकाच रकमेला करारातल्या एका शब्दामुळे वेगळे नियम लागू शकतात. पैसे खात्यात येऊन पडले की निस्तरणे फार कठीण जाते.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये जपानला, यामागाताच्या महोत्सवाला जात आहे. तेथून ओसाकाला जाऊन एका कारखान्यात काही दिवस चित्रीकरण करीन. परवानग्या मिळाल्या आहेत. तांत्रिक बाबतीत काही वेगळे लक्षात ठेवावे का? — एक विद्यार्थिनी, अंधेरी

उत्तर : होय. यामागाता आणि तोक्यो देशाच्या पूर्व भागात येतात आणि तेथील वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची आहे. ओसाका पश्चिमेला आहे आणि तेथे ती ६० हर्ट्झची आहे. मुंबईच्या सवयीने तुम्ही कॅमेरा सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० वर ठेवला, तर यामागातात सगळे ठीक दिसेल, पण ओसाकाच्या कारखान्यात नळीच्या दिव्यांखाली चित्र लुकलुकेल, आणि कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर ते कदाचित दिसणारही नाही. तेथे शटर १/६० करा; कोनाची भाषा वापरत असाल तर १५० अंश. विजेचा दाब १०० व्होल्ट असतो आणि भोके दोन चपट्या पिनांची असतात, तेव्हा तीन पिनांचा किंवा गोल पिनांचा चार्जर असेल तर जोडणी येथूनच घेऊन जा. कारखान्यात पोहोचल्यावर पहिल्या दिवशी, माणसे कामावर येण्याआधी, एका पांढऱ्या भिंतीचा वीस सेकंदांचा तुकडा चित्रित करा आणि लॅपटॉपवर मोठा करून पाहा.